मेणाच्या पत्र्यापासून छापील कवटीपर्यंत

माणसाचें शरीर केवढेंही असो, त्याची ओळख पटते ती वीतभर जागेवरून. हात अधू झाला तर तो बाहींत लपवितां येतो, पाय लंगडा झाला तर काठीचा आधार घेतां येतो; परंतु चेहरा झांकून जगावयाचें म्हणजे चारचौघांतून उठून जाणेंच होय. मराठी भाषेनें तर चेहरा आणि अब्रू यांची गांठ कायमची बांधून टाकिली आहे. अपमान झाला कीं ‘नाक कापलें’ असें म्हणतात. लाज वाटली कीं ‘तोंड दाखवावयास जागा उरली नाहीं’ असें म्हणतात. म्हणून मोडलेला चेहरा सांधण्याच्या विद्येचा इतिहास हा वैद्यकाच्या ग्रंथांत मावत नाहीं. माणसाला पुन्हा माणसांत आणून बसविण्याच्या खटपटीचा तो इतिहास आहे.

या इतिहासाचें अगदीं अलीकडचें प्रकरण ऐकणाराला अद्भुत वाटेल. मोटारीच्या अपघातांत गालाचीं, जबड्याचीं आणि डोळ्याच्या खोबणीचीं हाडें चुरलेला एखादा रोगी मोठ्या रुग्णालयांत येतो. श्वासाचा मार्ग मोकळा केला, रक्तस्राव थांबविला, म्हणजे पहिली घाई संपते. चेहऱ्यावरची सूज उतरेपर्यंत कांहीं दिवस जावे लागतात. त्या दिवसांत शस्त्रवैद्य आपल्या टेबलावर एक कवटी घेऊन बसलेला दिसतो. ती फिरवून पाहतो, तिच्या भेगांवर बोट ठेवतो, धातूची पट्टी वांकवून तिच्यावर बसवून पाहतो. ती कवटी कोणा मेलेल्या माणसाची नसते. पलीकडच्या खोलींत खाटेवर निजलेल्या त्याच जिवंत रोग्याच्या कवटीची ती प्रतिकृति असते, आणि ती यंत्रानें छापलेली असते.

कवटी छापावयाची ही गोष्ट नवी खरी. परंतु तिच्या मुळाशीं असलेला विचार फार जुना आहे. हवा तो आकार आधीं शरीराबाहेर करून पाहावा, चुकावयाचें असेल तर तेथें चुकावें, आणि मगच माणसाच्या अंगाला शस्त्र लावावें, हा तो विचार होय. त्याचें एक ठळक उदाहरण सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्याच्या वेशीशींच घडलें.

इंग्रज, निजाम व मराठे एका बाजूस आणि टिपू सुलतान दुसऱ्या बाजूस, असें युद्ध १७९० पासून १७९२ पर्यंत चाललें होतें. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकण्याचें काम करणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला, आणि अशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढें वर्षाहून अधिक काळ त्यानें नाकावांचून काढला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. ही शस्त्रक्रिया कशी करतात तें टॉमस क्रूसो आणि त्याचा एक सहकारी, या मुंबई इलाख्याच्या दोघां इंग्रज डॉक्टरांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या १७९४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अंकांत तिची हकीकत प्रसिद्ध झाली. सवाई माधवरावांचें व नाना फडणिसांचें चित्र काढणारा जेम्स वेल्स यानें कावसजीचेंही चित्र काढलें होतें. त्यावरून केलेलें चित्र त्या हकीकतीबरोबर इंग्रज वाचकांना पाहावयास मिळालें.

ती रीत अशी होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवावयाचा, आणि बोटांनीं दाबून दाबून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. आकार मनासारखा झाला कीं तो पत्रा काढून सपाट करावयाचा व रोग्याच्या कपाळावर ठेवून त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आंतील कातडी सोडवून घ्यावयाची, पण दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच ठेवावयाची, कारण तिच्यांतून येणाऱ्या रक्तावर ती कातडी जगावयाची असते. मग ती फिरवून खालीं आणून नाकाच्या जागीं बसवावयाची. ती जागच्या जागीं राहावी म्हणून पाण्यांत कालवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर लावून त्या पट्ट्या वर चिकटवीत. रोग्यानें पांचसहा दिवस उताणें पडून राहावयाचें. सुमारें पंचविसाव्या दिवशीं मधली पट्टी कापावयाची, कीं नवें नाक आपल्या पायावर उभें राही.

या रीतींतलें खरें मर्म त्या मेणाच्या पत्र्यांत आहे. नाक ही उंच-सखल वस्तु, आणि कपाळाची कातडी सपाट. सपाट कापडांतून अंगाला बसणारी बंडी बेतणाऱ्या शिंप्यापुढें जो प्रश्न असतो तोच येथें होता. कातडी कमी कापली तर नाक आखडणार, जास्त कापली तर कपाळ उगाच उघडें पडणार; आणि एकदां कापलेली कातडी पुन्हां जोडून पहिल्यासारखी करतां येत नाहीं. मेण मात्र दहा वेळां मोडून दहा वेळां घडवितां येतें. मातीला आकार देण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या कारागिराला हें कोणी शिकवावें लागलें नसेल.

हा विचार त्याच्याही फार पूर्वींचा आहे. सुश्रुतसंहितेंत तुटलेल्या नाकाची जी चिकित्सा सांगितली आहे, तींत प्रथम नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें व त्या मापानें गालाची कातडी सोडवावी, असें सांगितलें आहे. पानानें लांबी-रुंदी मिळते. मेणानें उंचीही मिळते. पानाकडून मेणाकडे येण्यांत या देशांतील अनामिक वैद्यांनीं एक मोठें पाऊल टाकलें होतें. अनामिक हा शब्द येथें जाणूनबुजून योजिला आहे. त्या इंग्रजी हकीकतींत रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांचीं नांवें आहेत. नाक करणाराचें नांव मात्र नाहीं. त्याची जात तेवढी लिहिलेली आहे. ज्याच्या हातांत विद्या होती त्याच्या हातांत लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातांत लेखणी होती त्यांना त्याचें नांव विचारण्याची गरज भासली नाहीं. ती हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्यानें प्रथम प्रेतांवर सराव केला, १८१४ सालीं तशीच शस्त्रक्रिया एका जिवंत माणसावर यशस्वी केली, आणि १८१६ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. युरोपांत या विद्येला जो नवा बहर आला त्याचें बीज पुण्याच्या मातींतून गेलें होतें.

परंतु कातडीचें काम निराळें आणि हाडांचें निराळें. कातडी डोळ्यांना दिसते. हाड आंत लपलेलें असतें. चेहऱ्याचीं हाडें मोडून सरकलीं तर तीं कोठें होतीं व कोठें गेलीं हें कळावें कसें? प्राचीन वैद्यांना एकच वाटाड्या ठाऊक होता, आणि तो म्हणजे दांत. वरचे दांत व खालचे दांत एकमेकांवर जसे पूर्वीं बसत तसे पुन्हां बसले, म्हणजे जबड्याचें हाड जागेवर आलें असें समजावें. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या ग्रंथांत मोडलेल्या जबड्याचे दांत सोन्याच्या तारेनें किंवा दोऱ्यानें एकमेकांस बांधावे असें सांगितलें आहे.

येथेंही बाहेर नमुना करून पाहण्याची युक्ति उपयोगीं पडली. अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतांना न्यूयॉर्कचा टॉमस गनिंग आणि अटलांटाचा जेम्स बीन, हे परस्परांच्या विरुद्ध पक्षांकडील दोन दंतवैद्य जवळजवळ एकाच मार्गानें चालले होते. मोडक्या जबड्याच्या दातांचा ठसा घेऊन प्लॅस्टरची प्रतिमा करावयाची; हाड जेथें मोडलें असेल तेथेंच ती प्रतिमा करवतीनें कापावयाची; तुकडे सरकवून वरच्या दातांशीं खालचे दांत बरोबर जुळवावयाचे; आणि त्या जुळविलेल्या प्रतिमेवर कठीण रबराचा सांचा तयार करावयाचा. तो सांचा रोग्याच्या दांतांवर चढविला म्हणजे मोडलेलें हाड त्यांत आपोआप जागेवर येऊन राही. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड यांचा जबडा गाडीच्या अपघातांत मोडला, आणि नऊ दिवसांनीं, लिंकनचा खून झाला त्याच रात्रीं, मारेकऱ्यानें घरांत शिरून त्यांच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. त्यांच्या जबड्यावर उपचार करण्यासाठीं गनिंगला बोलावण्यांत आलें, आणि त्यानें त्यांच्याकरितां असाच रबराचा सांचा केला. आज संगणकाच्या पडद्यावर हाडाचे तुकडे सरकवून जुळवितात. त्या वेळीं तेंच काम प्लॅस्टर व करवत यांनीं होत असे.

चेहऱ्याच्या मधल्या भागाचीं हाडें कशीं मोडतात याचा शोध फ्रान्समधील लील शहराच्या रने ल फॉर यानें लावला. त्यानें पस्तीस प्रेतांच्या चेहऱ्यांवर निरनिराळ्या दिशांनीं व निरनिराळ्या जोरानें आघात केले, मग मांस काढून भेगा तपासल्या, आणि १९०१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघात कसेही झाले तरी भेगा वाटेल तशा जात नाहींत, ठराविक तीन कमकुवत रेषांनींच बहुधा जातात, असें त्याला आढळलें. पहिली रेषा वरच्या दांतांच्या वर आडवी. दुसरी नाकाच्या मुळापासून दोन्ही गालांकडे उतरणारी, मनोऱ्यासारखी. तिसरी सगळा चेहराच कवटीपासून सुटा करणारी. हीं तीन नांवें जगांतले शस्त्रवैद्य आजही घेतात.

मग पहिलें महायुद्ध आलें. खंदकांत उभ्या असलेल्या शिपायाचें धड मातीआड सुरक्षित असे आणि डोकें मात्र वर येई; त्यामुळें चेहऱ्याच्या जखमांना अंत राहिला नाहीं. न्यूझीलंडमध्यें जन्मलेला हॅरोल्ड गिलीज यानें १९१७ सालीं इंग्लंडमध्यें सिडकप येथें केवळ अशाच जखमींसाठीं उभारलेल्या रुग्णालयांत काम सुरू केलें. तेथें पांच हजारांवर शिपायांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. गिलीज शेजारीं दंतवैद्य घेऊन बसे, आणि हेन्री टॉंक्स या चित्रकाराकडून जखमी चेहऱ्यांचीं रंगीत चित्रें काढवून घेई. चेहऱ्यांचे प्लॅस्टरचे मुखवटेही तेथें होत, आणि पुढची शस्त्रक्रिया कशी करावी याचा विचार त्यांवर चाले. मेण गेलें, प्लॅस्टर आलें. रीत तीच राहिली.

तरीही एक उणीव होतीच. प्लॅस्टरमध्यें कातडी व दांत उतरत. आंतलें हाड उतरत नसे. १८९५ सालीं राँटगेननें क्ष-किरण शोधून काढले आणि हाड दिसूं लागलें, पण तें सांवलीच्या रूपानें. चेहऱ्यांत तर लहानमोठीं हाडें एकामागें एक अशीं दाटलेलीं असतात, कीं सगळ्यांच्या सांवल्या एकमेकींत मिसळून जातात. ही अडचण दूर केली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरानें. त्यानें क्ष-किरण अनेक कोनांतून शरीरांतून पाठविले, प्रत्येक वेळीं किती किरण आंत अडले तें मोजलें, आणि त्या आंकड्यांवरून संगणकाकडून शरीराच्या आंतल्या एकेका थराचें चित्र काढवून घेतलें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळच्या विम्बल्डन येथील रुग्णालयांत या यंत्रानें पहिल्या रोग्याचें डोकें तपासण्यांत आलें. याच गणिताचा पाया स्वतंत्रपणें घालणारा ॲलन कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाव सुरीनें कापून त्याचे काप मांडून ठेवावे, तसे न कापतांच डोक्याचे काप या यंत्रानें मांडून दाखविले. सी. टी. स्कॅन तें हेंच.

काप तर मिळाले. ते पुन्हां रचून वस्तु उभी कशी करावयाची? त्याचें उत्तर वैद्यकाबाहेरून आलें. जपानांत नागोया येथील हिदेओ कोदामा यानें १९८१ सालीं, प्रकाश पडतांच घट्ट होणाऱ्या पातळ द्रव्याचे थर एकावर एक चढवून वस्तु घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील चार्ल्स हल यानें अशाच रीतीसाठीं १९८४ सालीं अर्ज केला व १९८६ सालीं त्याला पेटंट मिळालें. पोळ्यांची चवड रचावी तसे हे थर चढत जातात, आणि प्रत्येक थराचा आकार संगणक सांगतो. यंत्रांचे भाग आधीं करून पाहावे एवढाच प्रथम हेतु होता. परंतु काप करणारें यंत्र आणि काप रचणारें यंत्र हीं एकमेकांकरितांच जन्मलीं आहेत हें वैद्यांच्या लौकरच ध्यानांत आलें. १९९० नंतर रोग्यांच्या कवट्यांच्या प्रतिकृति शस्त्रक्रियेच्या तयारीसाठीं होऊं लागल्या.

दरम्यान हाडें जोडण्याची रीतही बदलली होती. हाँबर्गच्या हान्समाननें १८८६ सालींच हाडावर धातूची पट्टी स्क्रूंनीं बसविण्याची पद्धति सांगितली होती. पुढें १९७० नंतरच्या दशकांत स्ट्रासबुर्गच्या शाँपी यानें जबड्यासाठीं लहान पट्ट्यांची पद्धति शास्त्रशुद्ध करून दाखविली. आठवडेच्या आठवडे वरचे-खालचे दांत तारेनें बांधून, पातळ अन्नावर दिवस काढण्याची शिक्षा त्यामुळें पुष्कळ रोग्यांची टळली. पण पट्टी हाडाला जशीच्या तशी बसली पाहिजे. वांकडी पट्टी स्क्रूनें आवळली तर ती हाडालाच आपल्याकडे ओढून घेते आणि दांत जुळत नाहींत. जखम उघडी ठेवून तींत पट्टी पुनःपुन्हां वांकवून पाहावयाची म्हणजे रोग्याला भूल दिलेला वेळ वाढवावयाचा. तीच पट्टी आदल्या दिवशीं छापील जबड्यावर बसवून, निर्जंतुक करून ठेवली, तर तो वेळ वांचतो.

डोळ्याच्या खोबणीची गोष्ट याहून नाजूक आहे. या खोबणींत सुमारें तीस घन सेंटिमीटर जागा असते, आणि तिचा तळ कागदासारखा पातळ असतो. ठोसा बसून तो तळ फुटला म्हणजे आंतली चरबी व स्नायु खालीं उतरतात. डोळा आंत जातो, आणि एका वस्तूच्या दोन वस्तु दिसूं लागतात. मोडक्या तळाचा मूळ आकार सांगणार कोण? येथें संगणक एक सोपी युक्ति करतो. रोग्याची दुसरी, न मोडलेली खोबण तो आरशांतल्याप्रमाणें उलटी करून मोडक्या बाजूवर ठेवतो. तोच नमुना छापून घेऊन त्यावर टिटॅनियमची जाळी दाबून आकारास आणतात. कोठें कोठें तर टिटॅनियमच्या भुकटीवर लेझर फिरवून ती जाळीच थरांथरांनीं घडवितात. रोग्याचाच धड डोळा त्याच्या फुटक्या डोळ्याला माप देतो.

एवढें झालें म्हणजे यंत्रानें सर्व साधलें असें मात्र कोणीं समजूं नये. चेहऱ्याच्या दोन बाजू कोणाच्याही तंतोतंत सारख्या नसतात. आणि दोन्ही बाजू मोडल्या असतील तर उलटें करावयास धड बाजू उरतच नाहीं. फार पातळ हाड संगणकाच्या हिशेबांतून गळतें, आणि नसलेलें भोंक प्रतिकृतींत दिसतें. दांतांत भरलेल्या धातूमुळें चित्रावर रेघा उमटतात, म्हणून दांतांचा ठसा निराळा घ्यावा लागतो. कांहीं छपाईचीं द्रव्यें निर्जंतुक करण्याच्या वाफेंत मऊ पडून वांकतात. आणि मुख्य म्हणजे छापील कवटींत हाड असतें. रक्त, नसा, सूज आणि रोग्याचें दुःख तींत नसतें. कोठें छेद द्यावा, कोणता तुकडा आधीं बसवावा, कोठें थांबावें, हें ठरविणारी बुद्धि आणि तें करणारा हात हे शस्त्रवैद्याचेच राहतात.

खरा प्रश्न आहे तो ही सोय कोणाला मिळावयाची हा. मोडलेले चेहरे श्रीमंतांच्या वाट्यालाच येतात असें नाहीं. रस्त्यावरून दुचाकीनें कामावर जाणारा, माडीवरून पडणारा, भांडणांत मार खाणारा, अशांच्याच वाट्याला ते अधिक येतात. या बाबतींत एक आशेची गोष्ट घडली आहे. वितळलेलें प्लॅस्टिक तारेसारखें सोडून थर रचणाऱ्या छपाईयंत्राचें मूळ पेटंट २००९ सालीं संपलें. त्यापूर्वींच, २००५ सालीं, इंग्लंडमधील बाथ येथील एड्रियन बोयर यानें असलीं यंत्रें कोणालाही करतां यावींत अशी खुली योजना सुरू केली होती. त्यामुळें एके काळीं कारखान्यांतच असलेलें यंत्र आतां टेबलावर मावूं लागलें, आणि रुग्णालयांना स्वतःच प्रतिकृति छापणें शक्य झालें. तथापि यंत्र स्वस्त झाल्यानें विद्या आपोआप स्वस्त होत नाहीं. ती चालविणारीं माणसें तयार करणें, आणि तीं मोठ्या शहरांबाहेर राहतील अशी व्यवस्था करणें, हें यंत्रापेक्षां कठीण काम आहे.

कावसजीला पुण्याजवळ नवें नाक मिळालें तें एका विटा पाडणाऱ्याच्या हातून, आणि त्याला लागलें काय, तर मेण, वस्तरा, कात आणि फडकीं. ती विद्या बैल हांकणाऱ्या गरिबाच्या आवांक्यांत होती, हा तिचा लहानसहान गुण नव्हता. शाळेंतल्या मुलाला आधीं पाटी देतात, कारण पाटीवरची चूक पुसतां येते. वही मग येते. शस्त्रवैद्याची पाटी कधीं झाडाचें पान होती, कधीं मेण, कधीं प्लॅस्टर; आज ती छापील कवटी आहे. पाटी कितीही महाग झाली तरी ती गांवोगांवच्या रुग्णालयांपर्यंत पोंचली पाहिजे. नाहींतर चुका पुसण्याची सोय थोड्यांची राहील, आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावर त्या जन्मभर लिहिलेल्या राहतील.